तारेखालचे दोन-अडीच मिलिमीटर

गिटार शिकायचं ठरवलं तेव्हा माझ्या दोन अटी होत्या. सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसलं पाहिजे आणि तार दाबताना जीव जाता कामा नये. पहिली अट सगळ्यांना पटायची. दुसरीवर मात्र ठरलेलं उत्तर मिळायचं, ‘सुरुवातीला बोटं दुखतातच, घट्टे पडले की काही वाटत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. बोटांच्या टोकांची कातडी काही आठवड्यांत निबर होते, माझीही झाली. पण कातडी सोलवटणं वेगळं आणि अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत कळ येणं वेगळं. या दुसऱ्या दुखण्यात शिकणाऱ्यापेक्षा गिटारीचा हात जास्त असतो आणि तो चक्क पट्टीने मोजता येतो.

माझं वय पन्नाशीच्या अलीकडे, हात लहान, बांगडीचं माप सव्वादोन. शाळेत आणि भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे सुरांशी ओळख जुनी. गिटारीवर बोटांची करामत करून दाखवायची हौस नव्हती. भावगीत म्हणताना स्वतःची साथ स्वतःला करता यावी, एवढंच मनात होतं.

घराण्यात एक गिटार होतीच. दहावीच्या सुट्टीत भाच्यासाठी ऑनलाइन मागवलेली, तीन हजारांच्या आतबाहेरची. सोबत बॅग, पट्टा, तारा छेडायची पिकं, जादा तारांचा संच, सगळं फुकट. त्याने ती थोडे दिवस वाजवली, सोडली आणि ‘धरसोड्या’ हे बिरुद कमावलं. बहिणीने माळ्यावर टाकलेली ती गिटार मी सांगलीला घेऊन आले आणि शाळेतली स्टीलची पट्टी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या (नेकवरच्या) बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, उभी धरली. फ्रेटच्या माथ्यापासून सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत जे अंतर भरतं त्याला गिटारवाले ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. स्टीलच्या तारांच्या गिटारीवर ते जाड तारेला अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेला दोनच्या आत असलं की हात सुखात राहतो. इथे जाड तारेला चार भरले. नेक पुढे वाकलेली आणि ती सरळ करायला आत जो लोखंडी दांडा असतो, ज्याला ट्रस रॉड म्हणतात, तो फिरवायची सोयच नव्हती. पंधरा वर्षांच्या पोराने त्यावर एफची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुळणी, धरायची तरी कशी? मी भाच्याला फोन करून म्हटलं, ‘तुझी धरसोड नव्हती रे, गिटारच वाकडी होती.’ तो म्हणाला, ‘मावशी, हे आईला सांग ना.’

त्यानंतर मी मॉडेलांची नावं वाचणं बंद केलं आणि मापं वाचायला लागले. कंपन्या आपल्या माहितीपत्रकात मापं देतात, फक्त आपलं लक्ष रंगाकडे असतं. मला दोन आकडे कामाचे वाटले. एक, नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (पोटावरची, तारा टेकतात ती पट्टी) तारेचा जेवढा भाग वाजतो त्याची लांबी, म्हणजे स्केल. मोठ्या गिटारींची स्केल ६५० मिलिमीटरपर्यंत असते. यामाहाच्या एफ-३१०ची ६३४ आहे. सोळा मिलिमीटरने काय होतं असं वाटेल, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ताण पाच टक्क्यांनी उतरतो आणि नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर तीन मिलिमीटरने कमी होतं. ज्यांचे हात लांब आहेत त्यांना हे तीन मिलिमीटर कळणारही नाहीत. माझ्या करंगळीला कळतात. दुसरा आकडा नटची रुंदी. स्टीलच्या तारांच्या बऱ्याच गिटारींची ४३ मिलिमीटर असते, नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारीची ५२. क्लासिकलचा मुद्दा मला पुढे बराच वेळ घोळवावा लागला.

मुंबईला एका लग्नाला जायचं होतं, त्याला जोडून धोबी तलाव गाठला. मेट्रो सिनेमाच्या परिसरात वाद्यांची दुकानं जुनी आहेत. फुर्टाडोजचा व्यवसाय तर १८६५पासूनचा. तिथे भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारी बघून माणूस गोंधळतो, म्हणून मी घरूनच ठरवून गेले होते की दिसण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पर्समध्ये स्टीलची पट्टी आणि भाच्याच्या गिटारीबरोबर आलेला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. दुकानातल्या मुलाने एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, तुम्ही टीचर आहात का?’

कॅपोची युक्ती मला फार उपयोगी पडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. गिटार हातात घेतली की आधी मोकळ्या तारांवर, नटच्या अगदी शेजारी, पहिल्या फ्रेटवर बोट दाबून बघायचं. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि त्याच्या पुढच्या फ्रेटवर तसंच दाबायचं. दुसऱ्या वेळी एकदम सोपं वाटलं तर दोष नटच्या खाचांत आहे, त्या पुरेशा खोल कापलेल्या नाहीत. कॅपो लावूनही वरच्या फ्रेटांवर तार जड वाटत असेल तर सॅडल उंच आहे किंवा नेक वाकली आहे. नव्याने शिकणाऱ्याचा सगळा वेळ पहिल्या तीन फ्रेटांतच जातो, त्यामुळे त्याला खरा त्रास नटचा असतो आणि तपासताना सगळे बाराव्या फ्रेटवरच पट्टी लावतात. नट बघायची आणखी एक रीत म्हणजे तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उचललेली आहे ते बघायचं. कागद जेमतेम सरकेल एवढीच फट असावी.

मुलाने आधी क्लासिकल दिली, यामाहाची सी-४०. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. नायलॉनच्या तारा बोटाला मऊ, ताणही कमी, आणि किंमत माझ्या आवाक्यातली. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, शोध संपला. मग ‘जी’ची कॉर्ड धरायला गेले आणि त्या ५२ मिलिमीटर रुंद पट्टीवर माझी बोटं जाड तारेपर्यंत ताणता ताणता मनगट वाकडं झालं. शिवाय आवाज गोल, लवकर विरणारा. बोटांनी छेडायला फार छान, पण मला पिकने ताल धरायचा होता आणि तो तिथे बसेना. ज्याचे पंजे मोठे आहेत किंवा ज्याला बोटांनीच वाजवायचं आहे त्याने क्लासिकलच घ्यावी असं माझं आजही मत आहे. फक्त कुणाचं ऐकून त्यावर स्टीलच्या तारा चढवू नयेत. त्या ताणाने ब्रिज, म्हणजे पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तो लाकडी तुकडा, उखडून येतो.

त्यानंतर कॉर्टची एडी-८१० आणि यामाहाची एफ-३१० आळीपाळीने मांडीवर घेतल्या. बसायला हात नसलेलं स्टूल मागून घेतलं, कारण सोफ्यावर कुठलीही गिटार बरी वाटते. कॉर्टचा आवाज मला जास्त भरदार वाटला. पण तिचं पोट मोठं, उजवा खांदा वर उचलावा लागत होता आणि दुकानातल्या त्या नगाची अ‍ॅक्शन तीनच्या पुढे होती. एफ-३१०चा आवाज जरा पातळ, पण हात नेकवर सहज फिरला. दोन्हींपैकी कुठलीही नवी घेतली तरी बॅग, कॅपो, ट्यूनर धरून दहा हजारांच्या वर जात होती. भिंतीवरची तिसरी एफ-३१० मागितली तेव्हा त्या मुलाला नवल वाटलं. ‘सेम मॉडेल आहे मॅडम.’ मॉडेल सेम, पण एकीची बारीक तार दोनवर आणि दुसरीची अडीचच्या जवळ. लाकडाची वस्तू आहे, नगानगात फरक असणारच. यासाठीच या किमतीची गिटार न बघता मागवू नये असं मला वाटतं. नाइलाज असेल तर परत करायची मुदत किती, ते आधी बघावं.

मुंबईत काहीच घेतलं नाही. मुलाचे आभार मानले, त्याच्याकडून पिकं तेवढी घेतली.

मॉडेल मनात पक्कं झाल्यावर जुनी शोधणं सोपं होतं. पुण्यात इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षाला गिटारी विकायला काढतात, कारण नोकरी बंगळूरला लागते आणि हॉस्टेलची खोली रिकामी करायची असते. बहीण कोथरूडला राहते. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर कर्वेनगरातल्या एका मुलाची एफ-३१० निघाली, सांगितलेली किंमत साडेसहा हजार.

जुनी गिटार बघायची पद्धत मी पाठ करून गेले होते. एक डोळा मिटून हेडकडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, नेकवर नजर टाकायची, नेक पिळलेली असेल तर ती लगेच दिसते. पिळलेली असेल तर नमस्कार करून घरी यायचं. ब्रिज आणि लाकूड यांच्यामध्ये पातळ कागद सरकवून बघायचा, आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे. ब्रिजच्या मागचं पोट किती फुगलंय, पाठीला भेग आहे का, ते उजेडात धरून बघायचं. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवायची. यात वेळ जातो आणि समोरचा माणूस कंटाळतो, पण एखादा फ्रेट वर आलेला असेल तर त्याच्या अलीकडे दाबल्यावर तार झणझणते आणि ते नुसतं बघून कळत नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक हे दोन्ही मोबाइलच्या ट्यूनरवर एकच दिसतात का, ते बघायचं.

तारा काळ्या पडलेल्या होत्या, अ‍ॅक्शन तीनच्या थोडी वर. बाकी गिटार निरोगी होती. मुलगा म्हणाला, ‘काकू, तुम्ही तर एमआरआयच केला.’ सहा हजारांवर सौदा झाला. पैसे देताना त्याने विचारलं, अ‍ॅक्शन वर आहे म्हणता, तरी घेताय? मी म्हटलं, ते काम माझ्या गावाशेजारी होतं.

सांगलीहून मिरज दहा-बारा किलोमीटर. तिथली सतार आणि तंबोरा साऱ्या देशात जातो आणि २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत आमच्या मंडळाच्या तंबोऱ्याची जवारी काढून देणारे, म्हणजे घोडी घासून तारांना झंकार आणणारे, एक चाचा आहेत. गिटार घेऊन गेले तर त्यांनी आधी हात वर केले. ‘हे आमचं काम नाही, ताई.’ मी सॅडल दाखवून म्हटलं, तारांखालची घोडीच आहे हो, फक्त बारीक आहे. मग त्यांनी चष्मा लावला, गिटार आडवी घेतली आणि सॅडलवर नखाने टक टक करून म्हणाले, ‘प्लास्टिकची दिली काय कंपनीने.’

त्यांच्या कामाचं आणि या कामाचं नातं मला आधी नुसतं अंदाजाने माहीत होतं, समोर बसून बघितल्यावर नीट कळलं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, वरचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर घासत घासत सुटते, म्हणून तो भरलेला झंकार येतो. कानसाचा एक हात जास्त पडला की जवारी बंद होते. गिटारीला याच्या उलट हवं असतं. तार सॅडलच्या एकाच धारेवरून स्वच्छ सुटली पाहिजे, माथा सपाट राहिला तर सतारीसारखी झणझण येते. चाचा हसून म्हणाले, ‘म्हणजे जवारी मारायची.’ आयुष्यभर जी झणझण आणण्यासाठी घासलं, ती घालवण्यासाठी घासायचं म्हणून त्यांना मौज वाटली असावी.

हिशेब मी करून नेला होता. बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर येतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल दोन मिलिमीटर कमी करावी लागते. पण त्याआधी नेक. साउंडहोलमधून, म्हणजे पोटावरच्या गोल भोकातून, अ‍ॅलन की घालून ट्रस रॉड पाव फेऱ्याने आवळला, तारा लावून थोडा वेळ थांबलो, पुन्हा बघितलं. नेक पूर्ण सरळही नको असते, मध्ये सातव्या फ्रेटपाशी पोस्टकार्डाच्या जाडीएवढा झोल लागतो, नाहीतर जोरात वाजवल्यावर तारा फ्रेटांवर आपटतात. रॉडने अ‍ॅक्शन उतरते असं बरेच जण समजतात. थोडी उतरते, पण रॉड त्यासाठी नाही. अ‍ॅक्शनसाठी जोर लावून रॉड आवळणाऱ्यांनी नेक मोडल्याच्या गोष्टी कमी नाहीत.

नेक ठीक झाल्यावर जाड तारेला तीन मिलिमीटर उरले. चाचांनी प्लास्टिकची सॅडल नमुन्याला बाजूला ठेवली आणि उंटाच्या हाडाच्या तुकड्यातून नवी काढली. काचेवर पॉलिश पेपर पसरून तिचं बूड घासलं, माथा नाही. माथ्याला सूर जुळवण्यासाठीचा तिरकस उतार असतो, तो जुनीवरून हुबेहूब उतरवून घेतला होता. थोडं घासायचं, तारा सैल करून बसवायचं, सुरात लावायचं, मोजायचं, परत काढायचं. या सगळ्यात दुपार गेली, चहा दोनदा झाला आणि मधे एका गिऱ्हाइकाची सतार तशीच पडून राहिली. जाड तार २.४ आणि बारीक १.८ला आल्यावर मी म्हटलं, अजून थोडं? चाचांनी मान हलवली. ‘काढलेलं हाड परत लावता येत नाही.’ नटच्या दोन खाचा सुईकानसाने किंचित खोल केल्या, तेवढ्यावर थांबले. मजुरी चारशे सांगितली. मला लाज वाटली म्हणून पाचशे दिले.

तारांचं काम माझं मी केलं. दुकानात मागितल्याशिवाय बहुधा बारा नंबरच्याच मिळतात, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या बारा सहस्रांश जाडीची. तो संच सुरात लावला की सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण गिटारीवर असतो. मी अकरा नंबरच्या घेतल्या. दहाच्याही लावून बघितल्या होत्या, हाताला लोणी, पण आवाज एवढा कृश की गाताना ऐकू येईना. अकरावर माझं समाधान झालं.

आणि एक सोय मला पेटीमुळे सुचली. मी काळी पाचात गाते, गिटारवाल्यांच्या भाषेत ए शार्प. मी सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून ठेवते आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ए कॉर्डच्या आकारात वाजवते. ताण दहा टक्क्यांहून जास्त उतरतो, नटचा प्रश्न कॅपोमुळे मिटतो आणि वर सरकल्यामुळे फ्रेट जवळ येतात. मंडळातल्या एका बाईंचा सूर काळी चार आहे, त्यांच्यासाठी फक्त कॅपो काढायचा. गिटार शिकवणाऱ्या मुलाला हे आधी पटलं नाही, ‘स्टँडर्ड ट्यूनिंगची सवय लागली पाहिजे’ म्हणाला. मला कुठल्या बँडमध्ये जायचंय? एफची पूर्ण बारे कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची, मला आजही धड येत नाही आणि या मांडणीत तिची गरज क्वचितच पडते.

खर्च म्हणाल तर गिटार सहा हजार, चाचांचे पाचशे, तारांचे दोन संच, धड पकडणारा नवा कॅपो आणि जाड अस्तराची बॅग धरून साडेनऊच्या आत झालं. बॅगेवर मी जाणूनबुजून जास्त घातले, कारण आमच्याकडचा पाऊस.

त्याचा प्रत्यय श्रावणात आला. तारा पुन्हा जड लागायला लागल्या. पट्टी लावली तर जाड तार तीनला टेकलेली. हवेतलं पाणी पिऊन गिटारीचं पोट फुगतं, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा त्याच्याबरोबर. मी तडक मिरजेला. चाचांनी गिटार बघितली, पोटावरून हात फिरवला आणि कानस हातातसुद्धा घेतली नाही. ‘आत्ता घासली तर दिवाळीला तारा फ्रेटवर बसतील. तंबोरे पण असेच फुगतात, ताई. पाऊस जाऊ द्या.’ बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, एवढंच सांगितलं. तोवर मी तारा आणखी अर्धा सूर खाली लावून कॅपो तिसऱ्या फ्रेटवर नेला आणि गणपतीतलं गाणं तसंच पार पाडलं. नोव्हेंबरात मोजली तेव्हा जाड तार अडीचवर होती.